काचेवरचं वाळवण

शिमगा होऊन गेला की आमच्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसेनासा होतो. डोंगर असतो तिथेच, मधली हवा बदलते. थंडीत तो इतका स्वच्छ दिसतो की हात लांबवला तर लागेल असं वाटतं. मग एका सकाळी मी चहाचा कप घेऊन वर जाते आणि समोर नुसता पिवळट पडदा असतो. परवा तसंच झालं. मी कप कठड्यावर ठेवला, सोलरच्या पॅनेलवरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. धुळीचा थर परत आला होता. वर्षभर गेलेला पाहुणा दार न वाजवता आत येऊन बसावा तसा.

ईशान, मीरा, तुम्हाला हे वाचायला वेळ लागेल. लागू दे. मी शाळेपासून इंग्रजीत शिकले, नोकरीतला सगळा पत्रव्यवहार इंग्रजीत केला, माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांवरची नावंही इंग्रजीत आहेत म्हणून तुमचा बाबा मला अजून चिडवतो. पण ह्या दिवसांबद्दल इंग्रजीत लिहायला गेले की त्यांचा ‘समर’ होतो, आणि समर म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे तळ्याकाठची सुट्टी येणार. आमचे हे दिवस सुट्टीचे नव्हेत. हे वाळवणाचे दिवस आणि धुळीचेही. दोन्ही एकाच गच्चीवर येतात, आणि गेल्या वर्षी जो घोळ झाला तो त्यातूनच झाला.

धूळ म्हणजे एकच काहीतरी असतं असं मला लग्नाआधी वाटायचं. आजोबांनी मला धुळी शिकवल्या. ते आयुष्यभर रस्ते आणि पूल बांधत होते. खिडकीच्या गजावर बोट फिरवून, दोन बोटांत चोळून ते सांगायचे, ही पांढरी, ओवे गावाच्या बाजूला डोंगर कापतायत तिकडची. ही काळी, तेलकट, कळंबोलीला लोखंड घेऊन येणाऱ्या ट्रकांची. आणि ही लाल, मागच्या प्लॉटवर खड्डा खणलाय त्याची. तेव्हा मला ते कौतुकाचं वाटे. पुढे डॉक्टरांनी त्यांच्या छातीचा फोटो उजेडात धरला, त्यावरचे पांढरे पट्टे पेनाने दाखवले, आणि मी मनात म्हटलं, ह्यातली पांढरी कुठली आणि काळी कुठली? तीच धूळ काचेवर बसते आणि तीच त्यांच्या छातीत बसली आहे. मला पुसता येते ती फक्त काचेवरची.

आजोबांच्या नाकाला लावलेली नळी तुम्ही व्हिडिओवर पाहिली आहे. तिचं दुसरं टोक कुठे जातं, असं मीराने विचारलं होतं. पलंगाच्या पायथ्याशी एक मशीन आहे, विमानात सोबत नेतात त्या छोट्या बॅगेएवढं. ते खोलीतली हवा ओढून घेतं आणि तिच्यातला ऑक्सिजन वेगळा करून नळीत सोडतं. दिवसरात्र त्याची घरघर चालू असते. पाहुण्यांना ती खटकते. मला ती थांबलेली खटकते. कारण ते मशीन विजेवर चालतं, आणि पनवेलची वीज ह्या दिवसांत लहरी असते. कधी दुरुस्तीसाठी जाते, कधी वाऱ्याने फांदी पडते, कधी कोणालाच कारण ठाऊक नसतं.

म्हणून गच्चीवर सोलर आहे आणि जिन्याखाली बॅटरी. गेल्या वर्षीपर्यंत व्यवस्था अशी होती: रात्रभर आजोबांची खोली बॅटरीवर चालायची, पहाटेपर्यंत बॅटरी तळाला जायची, आणि ऊन चढलं की पॅनेल तिला पुन्हा भरायची. दुपारी वीज गेली तरी भरलेली बॅटरी आजोबांना संध्याकाळपर्यंत नेऊन पोचवायची. ही मांडणी आजोबांची स्वतःची. बसवायला आलेल्या लोकांना त्यांनी पलंगावरून कागदावर आकृती काढून दिली होती. मांडणी चोख होती. तिच्यात फक्त एक गृहीत धरलेलं होतं, की सकाळी ऊन काचेवर पडेल.

ते पडावं म्हणून काच पुसायची. ते काम माझं. आजोबांनी खालून शिकवलं, मी वरून पाठ केलं. ऊन चढायच्या आत पुसायचं, कारण तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं तर तिला तडा जाऊ शकतो. बोअरचं पाणी घ्यायचं नाही, त्याचे पांढरे डाग राहतात. साबणाची पूड नाही, घासणी तर नाहीच. लांब दांड्याचा मऊ पोछा, नळाचं पाणी आणि शेवटी सुती कापड. कबुतराची घाण नुसती पुसायची नाही, आधी ओलं फडकं ठेवून भिजू द्यायची. एका पॅनेलवर सावली आली तरी रांगेतली सगळी मंदावतात, त्यामुळे कोपरा सोडून चालत नाही. शेजारणी म्हणतात, महिन्यातून एकदा माणसं येऊन धुऊन जातात, तू कशाला मरतेस. धुळीच्या दिवसांत महिना फार लांबचा असतो, हे त्यांना कसं सांगू.

काळजीचंही एक वेळापत्रक असतं. पहाटे मी आभाळ पाहते. नाश्त्यानंतर जिन्याखालच्या डब्यावरचा बॅटरीचा आकडा पाहते. मग कामं करता करता कान फ्रिजकडे असतो. फ्रिजची घरघर थांबली की माझा हातातला चमचा थांबतो. ती नेहमीसारखी आपोआप थांबली आहे की वीज गेली आहे, हे कळेपर्यंत मी श्वास घेत नाही. माझी आई ह्या दिवसांत आभाळ पाहायची ते कुरडयांसाठी. ढग आला की ‘अगं धावा’ म्हणून ओरडायची, आणि आम्ही मुली साड्यांची टोकं धरून जिना उतरायचो. तिच्या भीतीत हसू मिसळलेलं असे. भिजल्या तर कुरडया भिजतील, एवढंच. मला तिच्या त्या भीतीचा हेवा वाटतो.

आता मालूआत्याकडे येते. तुमच्या बाबाची आत्या, आजोबांची थोरली बहीण, माझ्या वन्सं. पेणला राहतात. त्यांची आई लवकर गेली तेव्हा आजोबा रांगतही नव्हते. वन्संनी, स्वतः परकरातल्या, त्यांना कडेवर वाढवलं. अजून त्या त्यांना बाळूच म्हणतात, आणि पंचाहत्तरी ओलांडलेला तो बाळू ‘ताई, मला सुपारी दे’ म्हणून अजून हट्ट करतो. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीया झाल्यावर त्या मदतीला म्हणून राहायला आल्या. येताना साबुदाणा घेऊन आल्या. तुम्हा दोघांना पाठवायच्या खोक्यात विकतच्या पापड्या जाता कामा नयेत, असं त्यांनी पेणहूनच ठरवलं होतं.

त्यांचं आणि माझं बरं जमतं, पण आमच्या पद्धती वेगळ्या. मी साबुदाणा वाटीने मोजते, त्या मुठीने. मी घड्याळ लावून उठते, त्या उठल्यावर घड्याळाला विचारतात, तू जागं आहेस का. पहिल्या दिवशी आम्ही गच्चीतल्या खाटेवर प्लास्टिकचे कागद अंथरले आणि पळीपळीने पापड्या घातल्या. संध्याकाळी त्या चिवट झाल्या होत्या, पुऱ्या वाळल्या नव्हत्या. वन्सं खट्टू झाल्या. पेणच्या उन्हाला अशी नाटकं नसतात, असंही म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीप्रमाणे काचा पुसल्या. वन्सं शेजारी उभ्या राहून बघत होत्या. ‘ताटासारख्या लख्ख केल्यास गो,’ असं म्हणाल्याचं मला आठवतं. मग मी खाली आले. आजोबांचं अंग पुसणं, औषधं, नाश्ता ह्यात सकाळ गेली. बॅटरीचा आकडा त्या दिवशी मी पाहिला नाही. काचा मीच पुसल्या होत्या, ऊन कडक होतं, आकडा पाहायची गरज काय?

वीज गेली ती ऐन दुपारी. फ्रिज थांबला, मी चमचा खाली ठेवला, आणि खोलीतली घरघर चालू आहे हे ऐकून पुन्हा वरण ढवळू लागले. वरणाला उकळी यायच्या आत मशीन ओरडायला लागलं. तो आवाज तुम्ही ऐकलेला नाही, ऐकूही नका. धावत गेले तर हिरव्या दिव्याच्या जागी लाल दिवा, आणि आजोबा नळी हातात धरून, तिच्यात काही अडकलंय का ते पाहत होते. इंजिनिअर माणूस, आधी दोष शोधणार. कोपऱ्यात अडचणीसाठी ठेवलेला छोटा सिलिंडर होता. माझ्या हाताला त्याची चावी फिरेना, मग फिरली. तो थोडाच वेळ पुरणार होता. कळंबोलीच्या दुकानात फोन केला, ते म्हणाले दुसरा सिलिंडर निघालाच समजा, पण हायवेला ट्रकांची रांग लागली आहे. ‘समजा’ ह्या शब्दावर मी आधी कधी इतका विचार केला नव्हता.

आजोबांना बोलायला श्वास पुरत नव्हता. त्यांनी बोट वर केलं. गच्ची.

मी जिना कसा चढले ते आठवत नाही. वर पोचले तेव्हा वन्सं पाण्याच्या टाकीच्या सावलीत पाट टाकून बसल्या होत्या, हातात कावळे हाकायची काठी. आणि सगळ्या काचा पांढऱ्या. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत प्लास्टिकचे कागद, त्यांवर साबुदाण्याच्या पापड्या, ओळीत, एकीला एक न चिकटता. जिथे कागद पुरला नव्हता तिथे थेट काचेवर. कडांना वारा लागू नये म्हणून वाट्या पालथ्या ठेवल्या होत्या. इतकं नीटनेटकं वाळवण मी स्वतः घातलं नसतं.

वन्सं आनंदाने सांगू लागल्या, खाट काय, आडवी पडलेली असते, ही काच बघ कशी सूर्याकडे तोंड करून आहे, गरम, स्वच्छ, मुंगी नाही. दिवसभर एवढं ऊन खाते, त्यातले चार घास आपल्या पोरांच्या पापड्यांना दिले तर काय बिघडतं?

मी म्हटलं, “वन्सं, उचलूया.”

“अगो, अजून ओल्या आहेत. तुटतील.”

मी उचलल्या नाहीत, ओढल्या. वाट्या घरंगळत गेल्या. कागद निघाले, काचेवर थेट घातलेल्या पापड्या निघेनात. निघाल्या तिथे चिकाचे गोल डाग राहिले. काच तव्यासारखी तापलेली, तिच्यावर गार पाणी घालायची सोय नाही. मग आठवलं की वैशाखातल्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतलं पाणी गार नसतंच, अंघोळीला विसण घालावं लागतं इतकं कढत असतं. त्याच पाण्याने, अंगावरच्या साडीच्या पदराने मी तो चीक पुसला. वन्सं माझ्यामागे फुटक्या पापड्या परातीत गोळा करत होत्या. खाली मशीनचा ओरडा चालूच होता. मग एका क्षणी तो थांबला आणि घरघर सुरू झाली. मी तिथेच काचेच्या कडेला टेकून बसले. हाताला चटका बसला तो संध्याकाळी कळला.

खाली आले तेव्हा आजोबांच्या ओठांचा रंग परत येत होता. मला पाहून त्यांनी भुवया उचलल्या. मी सांगितलं, पापड्या. त्यांना हसू आलं. हसायला श्वास नव्हता म्हणून डोळ्यांतच आलं. पण लगेच माझं मनगट धरलं. दोन शब्द, मग थांबणं, पुन्हा दोन शब्द, असं करत म्हणाले, “ताईला कळू देऊ नकोस. कळलं तर ती परत ह्या घरात पाऊल ठेवायची नाही.”

वन्संनी दारातूनच विचारलं, माझ्या पापड्यांनी काही झालं का गो? मी म्हटलं, छे, वायर सैल झाली होती. सिलिंडरवाला संध्याकाळी आला. वीजही आली. तुमच्याकडे सकाळ झाली तेव्हा तुमच्या बाबाचा फोन आला. त्याच्या फोनवर आमच्या सोलरवर पडणारं ऊन रेघेसारखं दिसतं. दुपारपर्यंत ती रेघ झोपलेली पाहून त्याने विचारलं, आई, आभाळ होतं का? मी म्हटलं, हो, आभाळ होतं. वैशाखात. त्याला ते खरं वाटलं ह्याचं मला इतकं वाईट वाटलं की मी फोन लवकर ठेवला. आपलं ऊन कसं असतं ते तो विसरत चालला आहे.

उरलेल्या पापड्या खाटेवरच वाळल्या आणि तुमच्याकडे आल्या. ईशानने बशीचा फोटो पाठवला होता, तुकड्यांसकट. तुकडेच जास्त का होते, ते आता कळलं असेल.

त्यानंतर मी सगळं बदलून घेतलं. बॅटरी आता विजेवरही भरते, पहाटे तळाला जात नाही. सिलिंडर मोठा आणला. कबुतरांसाठी जाळी बसवली. तरी वर्षभर मला एकाच गोष्टीने झोपेतून उठवलं आहे. धूळ, कबुतर, वीज, ह्यांच्याशी कसं वागायचं ते मला येतं. त्यांना आमच्याबद्दल काही वाटत नाही, त्यामुळे त्यांच्याविरुद्ध नियम करता येतात. वन्संसाठी कुठली जाळी बसवू? त्यांना नुसतं ‘काचेवर नको’ म्हटलं तर त्या ‘का’ विचारणार, आणि ‘का’चं उत्तर द्यायला मला मनाई. मी गच्चीला कुलूप लावायचा विचार केला. शेजारच्या अंगणात ऊन जास्त येतं अशी थाप तयार केली. आजोबांना विचारलं तर म्हणाले, तिला दुसरं काहीतरी काम दे. कुठलं काम, ते त्यांनी माझ्यावर सोडलं. मोठमोठे पूल उभे करणारी माणसं अशी असतात.

काल संध्याकाळी वन्सं आल्या. थकल्या आहेत, जिना चढताना मध्ये थांबतात. पिशवीत साबुदाणा होताच.

आज पहाटे मी घड्याळाच्या आधी उठले. त्यांचं अंथरूण घडी घातलेलं. जिन्याचं दार उघडं. मी वर धावले आणि पाहते तर वन्सं अनवाणी उभ्या राहून काच पुसत होत्या. हातात त्यांच्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा, बाजूला नळाच्या पाण्याची बादली. पुसण्याची दिशाही बरोबर, वरून खाली. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, वरच्या कडेला माझा हात पोचत नाही, तिथलं तू घे.

मी पोछा घेतला. आम्ही दोघी पुसत राहिलो. कर्नाळ्याच्या जागी तोच पिवळा पडदा. मागच्या प्लॉटवर कामाला माणसं येऊ लागली होती, कोणीतरी ‘पानी नाय’ म्हणून ओरडत होतं.

मग वन्सं काचेकडेच पाहत म्हणाल्या, “पापड्यांसाठी कोणी अंगावरच्या पदराने काच पुसत नाही, सुधा.”

त्यांनी सांगितलं, पेणला परत गेल्यावर आळीतल्या इलेक्ट्रिशियनला त्यांनी सहज म्हणून विचारलं होतं, अशा काचेवर काही झाकलं तर काय होतं. त्याने सहज म्हणून सांगितलं. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. ह्या घरात परत यायचं नाही असं ठरवलं होतं, मग वाटलं, न येण्याने तर मला कळलंय हे बाळूला कळेलच.

“त्याला सांगू नकोस मला ठाऊक आहे म्हणून,” त्या म्हणाल्या. “वायरची थाप त्यानेच तुझ्याकडून वदवली असणार. आयुष्यभर मीच त्याला सांभाळलं. एकदा त्याने मला सांभाळलंय. तेवढं राहू दे त्याच्याकडे.”

तर मुलांनो, आता हे तुम्हालाही ठाऊक झालं. व्हिडिओवर बोलताना दोघांपैकी कोणालाच काही विचारू नका. पापड्या छान झाल्या होत्या म्हणा. झाल्याच होत्या.

मला वाटलं होतं वन्संना कळलं की माझी काळजी निम्मी होईल. ती निम्मी झाली नाही. आता मला दोन तोंडांकडे लक्ष ठेवावं लागणार.

न्याहारीला आम्ही तिघं आजोबांच्या खोलीत बसलो. त्यांनी उपम्याचा घास घोळवत, अगदी सहज विचारलं, “ताई, यंदा पापड्या कुठे घालणार?”

“खाली अंगणात. कावळ्यांवर लक्ष ठेवायला तू आहेसच खिडकीत.”

“मला कोण कावळा भितो?”

“नाकातली ती नळी बघून पळतील.”

आजोबा हसले. हसण्याचा खोकला झाला, खोकला वाढत गेला, आम्ही दोघी एकदमच उठलो आणि त्यांच्या पाठीवर आमचे हात एकमेकींना लागले. खोकला थांबेपर्यंत बराच वेळ गेला. थांबला तेव्हा मी त्यांच्या ओठांकडे पाहिलं, रंग ठीक होता. मग वन्संकडे पाहिलं. त्या भावाच्या तोंडाकडे पाहत नव्हत्या. मान वाकवून पलंगाच्या पायथ्याशी, मशीनवरच्या हिरव्या दिव्याकडे पाहत होत्या, मी रोज पाहते तशा. आणि आजोबा वन्संकडे पाहत होते.